खुर्चीला चिकटलेले अध्यक्ष

सावनीचं चित्र कॅन्सल झालं, आणि तेही चित्र ज्याचं होतं त्याला न विचारता! मराठी मंडळाच्या दिवाळी अंकासाठी तिने अध्यक्ष सुमंतकाकांचं व्यंगचित्र काढलं होतं: अकरा वर्षं खुर्चीला गोंदाने चिकटून बसलेले काका. अंकाच्या संपादक मंजुषाकाकूंनी बघताच हात जोडले. "झकास आहे गं, पण काकांना राग येईल. उगाच कशाला?" झालं, संपला विषय. सावनी जर्सी सिटीत सॉफ्टवेअरच्या नोकरीत, पण छापून येणारं हे तिचं पहिलंच चित्र. तिच्या अंगाचा नुसता तिळपापड झाला.

त्या शनिवारी डोकं थंड करायला ती मॅनहॅटनमधल्या एका म्युझियममध्ये शिरली. तिथे दीडशे वर्षांपूर्वीच्या फ्रेंच राजकीय व्यंगचित्रांचं प्रदर्शन लागलं होतं. दगडावर काढून मग कागदावर छापलेली शिळाछाप चित्रं. मंत्री काय, सेनापती काय, सगळ्यांची इवलीशी धडं आणि त्यावर भोपळ्याएवढी डोकी! सावनीला खुदकन हसू आलं. मग तिच्या लक्षात आलं, की कित्येक चित्रांखाली हाताने दोन-तीन ओळी खरडल्या आहेत, आणि दर चित्राखाली अक्षर वेगळं. हे कुणी लिहिलं? आता हिला कुठली चैन पडायला! नाक काचेला टेकेपर्यंत वाकली, तेव्हा तिथली देखरेखीची बाई लगबगीने आली.

"ती परवानगी आहे," बाई म्हणाली. "त्या काळी तिकडे कायदाच होता. ज्याची टर उडवायची, त्याच्याकडूनच लेखी होकार आणायचा. मग तोच चित्राखाली छापायचे."

"आणि लोक द्यायचे?"

"बरेचसे द्यायचे. हे खासदार बघा काय लिहितायत: हवं तसं काढा, फक्त बायकोला ओळख पटेल एवढं नाक राहू द्या."

अरेच्चा! मग काकांना विचारायला काय हरकत आहे?

रविवारी सकाळी सावनी न्यू जर्सीतल्याच आयसेलिन गावात काकांच्या दारात हजर. काका हार्टचे रिटायर्ड डॉक्टर, पण बेल वाजवताना धडधड हिच्याच छातीत. चित्र टेबलावर ठेवून तिने तो फ्रेंच कायदा एका दमात सांगून टाकला. काकांनी चष्मा पुसला आणि बराच वेळ चित्र बघितलं.

"मला राग येईल हे मंजुषाने परस्पर ठरवलं होय?" ते म्हणाले. "पोट छान जमलंय. परवानगी देतो. पण चित्र अर्धंच आहे. गोंद लावणारे कुठायत?"

"म्हणजे?"

"अगं, दर वर्षी मी म्हणतो, आता दुसरं कुणीतरी या. सगळे माना खाली घालतात. मागच्या वर्षी 'काका, तुम्हीच राहा' असं सगळ्यात मोठ्यांदा कोण ओरडलं?"

सावनीचा चेहरा खर्रकन उतरला. तीच ओरडली होती. मीटिंग एकदाची आटपावी आणि जेवायला बसावं, एवढंच तेव्हा मनात होतं.

तिने मुकाट्याने पेन्सिल काढली आणि खुर्चीमागे गोंदाचा ब्रश धरलेली एक मुलगी काढली. दात विचकून हसणारी, डोळा जेवणाच्या टेबलाकडे. मेली अगदी हुबेहूब उतरली.

काकांनी खाली झोकात सही ठोकली आणि पेन तिच्यापुढे धरलं. "आता तुझी. चित्रात तूही आहेस."

सावनीचा हात काही पुढे होईना.

"काय गं, काय झालं?"

"राग येतोय, काका," ती म्हणाली, आणि तिने सही केली.