काशिरामचा खुंट

मी वरून बघायचं काम करतो. म्हणजे सॅटेलाइटचे फोटो. कुठे जाऊन शिकलो नाही. पनवेलला भावाचं झेरॉक्सचं दुकान आहे, तिथल्या मागच्या टेबलावर यूट्यूब बघून शिकलो. जुना फोटो खाली, नवा वर. मग कळतं कुठली खाडी बुजली, कुठली खारफुटी गेली. दर वर्षी थोडं हिरवं कमी, थोडं राखाडी जास्त. बघून बघून सवय होते.

२०१८ च्या श्रावणात गंगाबाई मावशी दुकानात आली. मार्केटला मासळी विकते. टोपली दारात ठेवली.

"तू म्हणं आभालातून बघतंस."

"फोटो बघतो, मावशी."

"तेच ना. माज्या नवऱ्याचा खुंट शोध."

खुंट म्हणजे जाळं बांधायला खाडीत रोवलेला उंच खांब. पंधरा वर्षांपूर्वी काशिरामची होडी त्या खुंटाला बांधलेली सापडली. काशिराम सापडला नाही. मावशी दर नारळी पौर्णिमेला तिथे जाऊन नारळ सोडायची. मग विमानतळासाठी खाडीत भराव आला. डोंगर फोडून आणलेला मुरूम, उलव्यापर्यंत सपाट. गेल्या वर्षी ती तासभर फिरली, जागा सापडली नाही, नारळ परत घेऊन आली.

"या वक्ताला नाय झाला तर वर काँक्रीट पडंल. मंग मी कुठं जाऊ?"

२००४ चा फोटो काढला. वरून खांब दिसत नाही, त्याची सावली दिसते. खाडी उजवीकडे वळते तिथे एक बारीक काळी रेघ होती.

मावशीने स्क्रीनवर बोट ठेवलं. "ह्योच."

जागा मोबाइलमध्ये टाकली. एक गोष्ट तिला सांगितली नाही. जुना आणि नवा फोटो नीट जुळत नव्हते. चाळीसेक फुटांचा फरक येत होता आणि तो कसा काढायचा ते मला येत नव्हतं. म्हटलं, सगळं तर सपाट आहे, तिला काय कळणार.

पौर्णिमेला साडेदहाला गेलो. वॉचमनने नारळ बघून आत सोडलं. ऊन होतं, वारा अजिबात नव्हता. रोलर फिरवून जमीन टेबलासारखी केलेली. मोबाइल म्हणाला तिथे मी थांबलो.

"इथे, मावशी."

तिने लुगडं गुडघ्याच्या वर खोचलं.

"कशाला?"

"भरती हाय ना, येड्या."

मी हसलो. ती नाही हसली. वाकली, नारळ मुरमावर ठेवला, हात काढला.

नारळ हलला.

आधी वाटलं उतार असेल. पण तो घरंगळत नव्हता. शेंडी वर ठेवून, किंचित डुलत, सावकाश पुढे जात होता. पंधरा-वीस फूट सरळ गेला. मग उजवीकडे वळला. ते वळण मला पाठ होतं. आठवडाभर तेच बघत होतो.

पुढे जाऊन थांबला. कशाला तरी टेकल्यासारखा, मधूनमधून मागे-पुढे होत राहिला. तिथे काहीच नव्हतं.

मी मनात अंतर मोजलं. चाळीस फूट.

"मावशी, मी चुकीची जागा सांगितली. मला माहीत होतं."

"मला बी," ती म्हणाली. "तुज्या इथं पायाला तल लागत नव्हता."

ती नारळाकडे निघाली. पाय उचलून नाही, ओढत, दोन्ही हात बाजूला धरून. पोचल्यावर हवेत एका जागी हात टेकवला आणि उभी राहिली.

"तू जा, बाला. ओहोटी लागली की येतंय मी. तवर बोलायचं हाय थोडं."

रस्ता समोर होता, सरळ गेलो असतो तर दोन मिनिटं. मी सरळ गेलो नाही. पंधरा वर्षांपूर्वी काठ कुठे होता ते आठवत, मोठा वळसा घालून, काठाकाठाने बाहेर आलो.