डावीकडून तिसरी

उत्तराचं डोकं हॉलच्या दारातच फिरलं. फलकावर तिचा फोटो होता, पण चौघींचा. पंचवीस वर्षांपूर्वीचा, सगळ्यांच्या नाकावर लाल चष्मे. खाली लिहिलं होतं, 'चौकडी फेम उत्तरा (डावीकडून तिसरी)'.

'गोल गोल चष्मा' या एका गाण्यावर चौकडी महाराष्ट्रभर नाचली. त्यात उत्तराच्या वाट्याला आलं 'हो हो' आणि 'ना ना'. ग्रुप फुटला, ती नाशिकला परतली आणि बारा वर्षांपूर्वी जीव ओतून तिने स्वतःचा अल्बम केला. नावच ठेवलं 'डावीकडून तिसरी'. नऊ गाणी. त्यातलं 'दुसरी पाळी' तिच्या वडिलांवर होतं. सातपूरच्या कारखान्यात ते पत्रा दाबायच्या प्रेसवर होते, गाण्याचा ठेकाही त्या प्रेसचाच. एकाही दुकानाने अल्बम ठेवून घेतला नाही. काळं कुत्रंसुद्धा फिरकलं नाही.

अपवाद एक, शेखरसर. शहरातले थोर रसिक, निम्म्या सत्कारांचे अध्यक्ष. भेटतील तिथे म्हणायचे, "तुझा अल्बम ऐकला हं! अप्रतिम. 'दुसरी पाळी'ला तर तोड नाही." या एका वाक्यावर उत्तराने बारा वर्षं काढली होती. निदान एका माणसाने तरी ऐकलंय, एवढंच तिला पुरत होतं. म्हणून सातपूरच्या कामगार बायकांच्या या महिला दिनाला सर अध्यक्ष आहेत म्हटल्यावर ती आली, एकच अट घालून. 'दुसरी पाळी' गाणार.

"मॅडम, वेळ फार कमी उरलाय," सूत्रसंचालन करणारी आभा कानाशी येऊन म्हणाली. "सरांचं भाषण लांबलं ना. तुम्ही 'चष्मा'च म्हणा. ट्रॅक आणलाय. आणि हा चष्मासुद्धा."

तिने खरोखरच लाल चष्मा पुढे केला. उत्तराच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

"सर, तुम्ही तरी सांगा यांना."

"अगं, लोकांना हवं ते द्यावं," शेखरसर खुर्चीत रेलून म्हणाले. "तुझी ती गाणी दर्दी माणसांसाठी."

सत्कार उरकला. शाल आली, नारळ आला आणि सरांनी सोनेरी कागदातली भेट स्वहस्ते दिली. आपल्याकडे सत्कारातली भेट कुणी उघडत नाही. ती कपाटात जाते आणि पुढच्या सत्काराला बाहेर निघते. ब्लाउजपीस घरोघर फिरतात, तसंच हे. पण ती चपटी, चौकोनी, हलकी वस्तू हातात आली आणि उत्तराची बोटं थबकली. अल्बम भेट द्यायला अशा मापाची पन्नास पुडकी तिने स्वतः बांधली होती.

तिने मंचावरच सोनेरी कागद टरकावला. आत निळा कागद निघाला, वडिलांच्या कारखान्यातला यंत्राचा जुना नकाशा. त्यावर पिवळा दोरा, तिनेच मारलेली गाठ. बारा वर्षांत ती सुटलेली नव्हती. उत्तराने दोरा दातांनी तोडला, सीडी उघडली आणि आत स्वतःच लिहिलेली ओळ माइकमध्ये वाचली, "'शेखरसर, सगळ्यांत आधी तुमच्या कानांसाठी. उत्तरा.'"

हॉलभरच्या माना सरांकडे वळल्या.

"घरच्यांचा घोटाळा झाला," सर घाम पुसत म्हणाले. "मी ऐकलेली प्रत दुसरी होती. विकत घेतलेली."

"कुठून? दुकानात ती कधी आलीच नाही."

सर उठायला लागले.

"बसा!" उत्तराचा आवाज माइकशिवायही शेवटच्या रांगेपर्यंत गेला असता. "चार मिनिटांचं गाणं आहे. बारा वर्षं तारीफ केलीत, आज ऐका."

तिने सत्काराचा नारळ टेबलावर आपटला. धाड्. मग धाड्-धाड्. पहिल्या रांगेत मालनबाई बसल्या होत्या, तीस वर्षं प्रेस चालवून नुकत्याच निवृत्त झालेल्या. त्या ताठ झाल्या.

"आगं, ह्यो तर आपला प्रेस हाय!"

बायकांचे हात मांड्यांवर पडू लागले. उत्तरा गायली ती रागाने गायली. घरी कुणी उठू नये म्हणून मध्यरात्री सायकल उचलून अंगणात आणणारा बाप गायली. आवाज एकदा चिरकला, तो तिने चिरकू दिला.

मग मध्येच तिने हात वर केला आणि ठेका थांबला. मालनबाईंचा हातही वर गेला, पाठोपाठ हॉलभर हात वर. प्रेसवरच्या बाईला हे शिकवावं लागत नाही. हात वर म्हणजे खाली पत्रा बदलतोय, मशीन बंद झालेलं नाही.

त्या शांततेत एकाच माणसाच्या टाळ्या वाजल्या.

"अप्रतिम!" शेखरसर म्हणाले. "काय शेवट केलास!"

"सायेब," मालनबाई हात तसाच वर धरून म्हणाल्या, "गाणं आजून संपलं नाय."

उत्तराने सरांकडे बघत हात खाली आणला.