झाडासोबत फोटो

निपाणीतल्या पाच सॉमिलवाल्यांनी एकत्र येऊन शपथ घेतली, की चोरीनं तोडलेलं लाकूड कुणीच विकत घ्यायचं नाही. नियम त्यांच्यातल्याच कल्लाप्पांनी सुचवला. झाड उभं असतानाच मालकाचा त्याच्या शेजारी फोटो हवा आणि खाली त्याची सही हवी. नाहीतर ओंडका गेटातनं आत येणार नाही. महिनाभर या नियमापायी कल्लाप्पांनी सगळ्या तालुक्याला धारेवर धरलं. फोटोत डोळे मिटले म्हणून एका म्हाताऱ्याला त्यांनी ट्रॅक्टरसकट परत पाठवलं.

मग त्यांना स्वतःच्याच परसातला फणस विकायची हुक्की आली. पण घर होतं बायकोच्या, अंबुबाईंच्या नावावर. बाकीचे चौघे हसू दाबत म्हणाले, "आप्पा, आक्कांचा फोटो कुठाय?"

कल्लाप्पा दातओठ खात घरी आले. "चल गं, त्या फणसाजवळ उभी ऱ्हा!"

"अशी? ह्या अवतारात?"

तासाभरानं अंबुबाई इरकल नेसून, नथ घालून, अंबाड्यात अबोलीचा गजरा माळून आल्या आणि बुंध्यावर हात ठेवून अशा हसल्या, की लग्नातसुद्धा तशा हसल्या नव्हत्या.

मोबाइलवर फोटो बघून त्या म्हणाल्या, "अगं बाई, लई झ्याक दिसतोय की आम्ही दोघं! आता झाड तोडायचं न्हाय."

"अगं, पण सही?"

"सही न्हाय नि काय न्हाय. ह्याला फ्रेम करून आणा. आन् व्हय, फ्रेमचं लाकूड कुठल्या झाडाचं, त्याचा फोटू बघूनच घ्या."