कलतूमाला घेऊन निघालेली जीप

मित्रांनो, मी एक जुनी पांढरी जीप आहे. सुदानच्या दारफुर प्रांतातल्या न्याला शहरात, एका आवारात टायरांविना उभी आहे.

जपानच्या कारखान्यात मी घडले, बोटीने पोर्ट सुदानला उतरले आणि वाळू तुडवत इथवर आले. दारफुरमध्ये शस्त्रे आणायला बंदी होती. ती पाळली जाते का, लोकांवर अत्याचार होतात का, हे पाहणारे परदेशी निरीक्षक माझ्यातून फिरत. पोरे टाळ्या पिटत मागे धावत. मला केवढा अभिमान वाटे!

माझा चालक अबकर इथलाच. निरीक्षक हेलेनाबाई फिनलंडच्या. एकदा आम्ही धावपट्टीजवळच्या बाजारात थांबलो. चहा विकणारी कलतूमा अबकरच्या कानाशी लागली, "बियाणं म्हणून विमानातून उतरवलेली पेटी फुटली रे. आत काडतुसं!" तिने साखरेच्या डब्यातून एक काडतूस काढून बाईंच्या हातात ठेवले.

समोर दोन सरकारी सैनिक उभे होते. त्यांनी आधी माझ्याकडे पाहिले, मग तिच्याकडे. मी जिच्यापाशी थांबले, ती साऱ्यांच्या नजरेत आली होती.

"चला," बाई म्हणाल्या.

कलतूमा हसली. "तुझ्या जीपपेक्षा माझं गाढव बरं, अबकर. ते कुणाकडे गेलं याची गावभर दवंडी पिटत नाही. तुम्ही निघाल. मग ते सैनिक माझ्याकडे येतील."

"मावशी, आत बस," अबकर म्हणाला.

"अबकर, बाहेरच्यांना गाडीत घ्यायचं नाही. नियम आहे," बाई म्हणाल्या.

"माझी नोकरी जाईल ना, बाई? जाऊ दे! हिला सोडून मी चावी फिरवणार नाही."

मग बाईंनीच दार उघडले आणि सरकून कलतूमाला आत घेतले. मागून आरडाओरडा झाला, एक गोळी माझ्या पत्र्यातून आरपार गेली. शांतिसैनिकांची छावणी येईपर्यंत आम्ही थांबलो नाही.

बाईंच्या अहवालाचे कौतुक झाले. ती विमाने काही काळ थांबली. अबकरची नोकरी मात्र गेली. बाईंनी रदबदली केली, पण कुणी ऐकले नाही. कलतूमा छावणीतच चहा विकू लागली. घरी तिला परतता आले नाही. पुढे मीही निकामी ठरले. आता माझ्या सीटवर कोंबड्या बसतात.

तरी फाटकातून निरीक्षकांची नवी जीप निघाली की माझा जीव थाऱ्यावर राहत नाही. आज ती कुणाच्या दारात थांबेल?

मित्रांनो, मला रंग नको, टायरही नकोत. कुणाला खरे बोलायला सांगितलेत, तर निघण्याआधी विचारा, "आम्ही गेल्यावर तुमचं काय होईल?" आणि उत्तर ऐकल्याशिवाय गाडी सुरू करू नका.