पोट कुणाचं, पंख कुणाचे

“दाबायचं नाही. नुसतं धरायचं. आणि श्वास सोडायचा तो मान वळवून.”

मित्रांनो, हे शब्द मी पहिल्यांदा ऐकले तेव्हा माझ्या अंगावरचं कारखान्यातलं तेलसुद्धा पुसलेलं नव्हतं. मी एक जुना चिमटा आहे. निखारे उचलणारा तो धिप्पाड चिमटा माझा लांबचा काका लागेल. मी आपला बोटभर लांब, पातळ पोलादी पट्ट्यांचा. माझी टोकं मात्र अशी बारीक, की पापणीचा एकच केस निवडून उचलावा. मला घडवणाऱ्या कारागिराने कानसेवर घासून झाल्यावर स्वतःच्या मनगटावरचा एक केस माझ्यात धरून पाहिला, “जमलं” म्हणाला आणि मला डबीत घातलं. ती माझी पहिली शाबासकी.

डबी उघडली ती एका संग्रहालयाच्या मागच्या खोलीत. भिंतीला उंच कपाटं आणि कपाटांत तीनशे बारा सपाट खण. प्रत्येक खणात टाचणीवर बसवलेले पतंग, रांगेने. पतंग म्हणजे दोऱ्यावर उडवायचे नव्हेत बरं का! दिव्यावर झेप घेतात ते, फुलपाखरांचे भाऊबंद. खोलीचे प्रमुख मास्तर एका नव्या मुलीला काम शिकवत होते आणि वरचं वाक्य त्यांनी तिलाच सांगितलं होतं. मी तिच्या बोटांत होतो. तिचं पहिलं काम, माझंही पहिलंच!

पुढे तीस वर्षं त्या बोटांनी मला सोडलं नाही. मुलगी मोठी झाली आणि सगळ्या खोलीची मावशी झाली. आवाज असा हळू, की खणातल्या पतंगांची झोप मोडू नये. कोणताही खण उघडण्याआधी ती क्षणभर डोळे मिटायची. “गेला असला तरी जीवच होता तो,” एवढंच म्हणायची. आम्ही दोघांनी मिळून किती पंख पसरले, किती मिशा सरळ केल्या, याची गणती नाही. लोक म्हणायचे, “मावशींच्या हातचा पतंग आताच येऊन बसल्यासारखा वाटतो.” ते ऐकून माझी छाती फुगायची. चिमट्याला छाती नसते म्हणता? तुम्ही मला तेव्हा पाहायला हवं होतं.

पण मित्रांनो, त्या तीस वर्षांतली एक दुपार मी कुणाला सांगितली नव्हती. बाहेर पाहुणे येऊन थांबले होते, मास्तर रजेवर होते. खण उचलून नेताना मावशीचं कोपर दाराच्या चौकटीला लागलं आणि टक् करून दोन पतंगांची पोटं गळून खणाच्या तळाशी पडली. वाळलेल्या पतंगाचं पोट असंच गळतं. अशा वेळी नियम साधा असतो. गळलेला भाग कागदाच्या पुडीत घालायचा, ती पुडी टाचणीला लावायची आणि चिठ्ठीवर लिहायचं, “कुणाचा ते नक्की नाही.” मावशी तोवर नेहमी तसंच करायची. त्या दिवशी मात्र दारावर टकटक झाली. दोन्ही पतंग एकाच रांगेतले, एकाच नावाखालचे. कुणाचं पोट कुणाला लागलं तरी काय बिघडणार होतं? तिने डिंकाचे दोन थेंब काढले आणि एकेक पोट माझ्या टोकांत धरून चिकटवून टाकलं. पाहुणे खूश होऊन गेले.

मग मावशी निवृत्त झाली. नव्या खुर्च्या आल्या, रबरी मुठीचे नवे चिमटे आले आणि माझी रवानगी वाळक्या पेनांच्या डब्यात झाली. माझं एक टोकही किंचित वाकलं. दर गुरुवारी तेवढा आनंद असायचा. मावशीची नोकरी संपली होती, नेम संपला नव्हता. ती यायची, खणांतल्या डांबरगोळ्या बदलायची आणि जाताना माझ्या डब्यावरची धूळ पदराने पुसायची.

त्याच खोलीत तिची भाची पतंगांचा अभ्यास करायला आली. ही पोर म्हणजे वारा! एका सकाळी ती भिंगाखाली बघता बघता खुर्चीसकट मागे सरकली आणि ओरडली, “अगं बाई! हा यांच्यातला नाहीच!”

एका नावाखाली पंधरा पतंग होते. चौदांच्या पुढच्या पंखावर फिकट पट्टा होता, सरळ, पट्टीने आखल्यासारखा, आणि त्याच्या कडेला तीन काळे ठिपके. पंधराव्याचा पट्टा मध्येच गुडघ्यासारखा वाकलेला आणि ठिपके दोनच! चौदांच्या मागच्या पंखाला काळी किनार, याचा पंख गंजलेल्या लोखंडाच्या रंगाचा, बिनकिनारीचा. चौदांच्या मिशांचे कंगव्यासारखे दाते टोकाआधीच संपत होते, याचे थेट टोकापर्यंत. भाचीने एकेक फरक वहीत उतरवला. चार महिने ती त्याच वहीवर जेवली, त्याच वहीवर डोकं टेकून तिने डुलक्याही काढल्या आणि शेवटी नव्या जातीचा लेख लिहून पाठवला. जगाने न ओळखलेला पतंग आमच्या खणात, चुकीच्या नावाखाली, इतकी वर्षं मुकाट बसला होता!

निवाडा करायला भिंगबाबा आले. पतंगांच्या जगात त्यांचा शब्द शेवटचा. गळ्यात कायम भिंग, म्हणून हे नाव. त्यांनी पंख पाहिले, मान डोलावली. मग कुंचल्याने पोटाच्या टोकावरचे केस बाजूला सारले. नर पतंगाच्या पोटाच्या टोकाशी हुकांसारखे दोन इवले आकडे असतात आणि प्रत्येक जातीचे आकडे वेगळे, जशी प्रत्येक कुलपाची किल्ली वेगळी.

भिंगबाबांनी भिंग खाली ठेवलं. “बेचक्यासारखे फुटलेले आकडे. या नावाच्या जातीचे असतात तसेच.”

“पण सर, पट्टा? मिशा?”

“पोरी, पंख थापा मारतात. पोट खोटं बोलत नाही. जुनीच जात ही, नमुना जरा तऱ्हेवाईक निघाला, एवढंच. लेख मागे घे. चहा पिऊन मी निघतो.”

ते शेजारच्या खोलीत गेले. भाचीने वही मिटली आणि तिच्यावर दोन्ही हात ठेवून बसली. आणि मी? मी डब्यात तडफडत होतो. पोट त्याचं नाही! मी धरलं होतं ते! पण चिमट्याचं तोंड फक्त धरायला असतं, बोलायला नाही.

वार होता गुरुवार. दार हळूच उघडलं आणि डांबरगोळ्यांची पिशवी घेऊन मावशी आत आली.

“काय गं, तोंड का एवढंसं झालंय?”

“माझा पतंग गेला, मावशी. पोट जुन्या जातीचं निघालं.”

“कुठला गं? बघू.” मावशी खणावर वाकली. तिने डोळे मिटले, उघडले आणि पंधराव्याच्या कंबरेशी नजर नेली. त्या क्षणी ती गप्प राहिली असती, तर मित्रांनो, तिच्या हातांची कीर्ती तशीच राहिली असती आणि कुणाला कधीच कळलं नसतं.

“ते पोट मी चिकटवलंय,” मावशी म्हणाली.

“काय?”

“दोघांची गळली होती. मी घाई केली. तुझ्या सरांना बोलाव.”

भिंगबाबा हातात कप घेऊनच आले. सगळं ऐकून म्हणाले, “बाई, तुमच्या हातचं? वीस वर्षं मी लोकांना सांगतोय, या बाईंच्या खणात चूक दाखवा आणि माझं भिंग घेऊन जा!”

“मग काढा गळ्यातलं,” मावशी हळूच म्हणाली. “दुसरा पतंग शोधायला लागेलच.”

भाची हसली की रडली, मला कळलं नाही. तिने चौदाही पतंग एकेक करून भिंगाखाली घेतले. पहिला नाही. चौथा नाही. सातव्यापाशी ती थबकली. “इथं! कंबरेशी डिंक चमकतोय!”

तिने नवा चिमटा उचलला. मावशीने तिचा हात धरला. “त्याने चेपेल. माझा कुठंय?”

माझा! मित्रांनो, डब्यातून बाहेर येताना मी लखलखलो नसेन, पण मला तसंच वाटलं. मावशीने माझं वाकडं टोक नखाने सरळ केलं. भाचीने कोमट पाण्याचा थेंब कुंचल्याने जोडावर ठेवला. आम्ही थांबलो. आणखी एक थेंब. डिंक पांढरा झाला, फुगला, सैल झाला. मी धरलं, मुळीच न चेपता, आणि सातव्याचं पोट अलगद सुटून आलं. भाचीने केस बाजूला सारले.

“विळा!” ती किंचाळली. “सर, बेचकं नाही! विळ्यासारखे आहेत, एकसंध!”

भिंगबाबांचा कप बशीत खडखडला. “थांब, थांब. हे याचंच, हे कशावरून? दोन्ही कडा जुळवून दाखव.”

मग पंधराव्याचंही पोट सोडवलं. पंधराव्याच्या कंबरेशी मोडलेली कड उरली होती, एका बाजूला कंगोरा असलेली. मी विळ्यावाल्या पोटाला हळूहळू तिच्याजवळ नेलं. फुटलेल्या बशीचे दोन तुकडे जुळावेत तसा कंगोरा खाचेत बसला! बेचक्यावालं पोट सातव्याला तसंच चपखल बसलं.

भिंगबाबांनी तीनदा पाहिलं. मग खुर्ची ओढून म्हणाले, “पोरी, वही उघड. लिही. पट्टा गुडघ्यात वाकलेला, ठिपके दोन, मिशांचे दाते टोकापर्यंत, मागचा पंख बिनकिनारीचा, आकडे विळ्यासारखे. भाईबंदांपेक्षा वेगळी, नवी जात!”

भाचीने मावशीला अशी मिठी मारली की पिशवीतल्या डांबरगोळ्या खोलीभर गडगडत गेल्या. “मी त्याला तुझं नाव देणार!”

“चूक करणारीचं कुणी नाव देतं का? त्याच्या वाकड्या गुडघ्याचं दे. ते तरी त्याचं स्वतःचं आहे.”

सगळे हसले. मग भिंगबाबांनी जरा अवघडूनच विचारलं, “बाई, असे आणखी किती जोड आहेत?”

हसू थांबलं. मावशीने कपाटांकडे पाहिलं.

“आठवत नाही. एकदा केलं की दुसऱ्यांदा हात अडखळत नाही. शोधून काढीन. प्रत्येक जोडाखाली चिठ्ठी लावीन. शब्द देते.”

“मावशी, तीनशे बारा खण आहेत!”

“असू देत.”

मित्रांनो, तुमच्या हातूनही काहीबाही मोडेल. जरूर जोडा. फक्त जोड लपवू नका, त्याच्याखाली खरी चिठ्ठी ठेवा. नाहीतर तुमच्या मागून येणारं कुणीतरी त्यावर विश्वास ठेवेल आणि फसेल. आणि चिमटा असो की माणूस, जुनं झालं म्हणून वाळक्या पेनांत टाकू नका. त्याला काय काय ठाऊक असतं, ते तुम्हाला माहीत नसतं.

दुसऱ्या दिवशी शुक्रवार होता. खोलीत अजून कुणी आलं नव्हतं. मावशीने खिडकी उघडली, स्टूल कपाटाशी ओढलं, कोऱ्या चिठ्ठ्यांचा गठ्ठा डावीकडे आणि मला उजवीकडे ठेवलं. क्षणभर डोळे मिटले. मग तिने पहिला खण बाहेर ओढला.