नंदलालसेठच्या नाल्याचे दोन टप

नंदलालसेठला मी गोड बोलून फसवलं, हे आधीच सांगून टाकते. त्याचं मला जराही वाईट वाटत नाही.

नागपूरपलीकडच्या गोरेगावजवळच्या आमच्या गावात त्याची उसन्या, म्हणजे उकड्या तांदळाची मिल आहे. धान भिजवून, उकडून उरलेलं पिवळं, आंबूस पाणी तो नाल्यात सोडतो. नाला आमच्या गावतळ्यात, म्हणजे बोडीत उतरतो. नऊ वर्षांपूर्वी एका सकाळी बोडीतली सगळी मासोळी पोट वर करून तरंगली. तिथं जाळं टाकायचे माझे बाबा, श्यामलाल. सेठनं सगळ्यांसमोर सांगितलं की श्यामलालनं मासे धरायला जहर टाकलं. गावानं मान डोलावली, कारण निम्मं गाव त्याच्याच मिलमध्ये कामाला. त्या दिवसापासून गावात कुणी बाबांच्या हातची मासोळी घेतली नाही. सालेकशाकडच्या तलावांतून मासे आणून ते परक्या बाजारात विकत राहिले आणि मला शिकवलं.

आता मी नागपूरच्या प्रयोगशाळेत पाणी साफ करणारे कण बनवते. डोळ्यांना नुसती राखाडी भुकटी दिसते. पाण्यात पेरॉक्साइड टाकलं की प्रत्येक कणाच्या एका अंगानं बुडबुडे सुटतात आणि कण आपोआप पुढे पळतो. पळता पळता घाण फोडत जातो. काम झालं की लोहचुंबकानं सगळे बाहेर ओढायचे.

यंदा घाण पाण्यासाठी सेठला नोटीस आली. मी लगेच फोन केला, तुमचं पाणी साफ करून देते म्हटलं.

"बेटी, पूरे गांव के सामने करके दिखाओ," सेठ खूश होऊन म्हणाला.

मिलच्या अंगणात त्यानं मांडव घातला, माईक लावला. मी म्हटलं, "पाणी तुमच्याच हातानं भरा, सेठजी. नाहीतर लोक म्हणतील, पोरीनं बोअरचं आणलं."

"और दो टप क्यों?"

"एक तसंच ठेवायचं. फरक दिसला पाहिजे ना!"

त्याला पटलं. बाह्या वर सारून त्यानं दोन्ही टप नाल्यातून भरले आणि माईकवर ओरडला, "देख लो भाई, मेरी मिल का पानी!"

एका टपात मी पेरॉक्साइड आणि भुकटी टाकली. पाणी भात उकळावा तसं फसफसलं. दोन तासांनी बुडबुडे पार थांबले, मी चुंबक फिरवला, तर तळ दिसायला लागला. टाळ्या पडल्या. सेठ फोटोला उभा राहिला.

मग मांडवाच्या कडेला बादली घेऊन बसलेल्या बाबांना मी खूण केली. त्यांनी बादलीतल्या दहा-दहा लहान मासोळ्या दोन्ही टपांत सोडल्या. साफ पाण्यातल्या फिरू लागल्या. दुसऱ्या टपातल्या वर येऊन तोंड वासू लागल्या.

"बस, बस, उठाओ ये!" सेठ धावला.

मी टपाचा काठ धरून ठेवला. "थांबा. तुमचंच पाणी आहे."

थोड्या वेळात दहाही उलट्या झाल्या. मी माईक घेतला. "आता सांगा, यात माझ्या बाबांनी कोणतं जहर टाकलं?"

सेठ जवळ येऊन हळूच म्हणाला, "जो हुआ सो हुआ. नाले पे कब लगाओगी?"

"नाल्यावर लागतच नाही. अजून टपापुरतंच जमतं. मला पहिल्यापासून माहीत होतं."

त्याचा चेहरा बघून माझ्या जिवाला थंडावा मिळाला.

सरपंच शालीकराम पुढे आला. "श्यामलालभाऊ, चूक झाली जी. आता उद्यापासून तुमचीच मासोळी घेऊ आमी."

मला वाटलं, बाबा रडतील. ते मेलेल्या मासोळ्या एकेक करून दुपट्ट्यात घेत होते. मान वर न करता, माझ्याकडे हात करून म्हणाले, "इच्या मायच्या तेरवीले म्या भात रांधला होता. एक माणूस जेवाले नाई आला. आता म्या तुमाले इकत नाई. जा."

मग जिवंत दहा मासोळ्या त्यांनी बादलीत परत घेतल्या आणि मला म्हणाले, "चाल."