पोहण्याच्या सरांची गोळ्यांची डबी

मित्रांनो, माझ्या झाकणांवरची वारांची नावं केव्हाच पुसली गेली. गुरुवारचं झाकण तर जोर लावल्याशिवाय बसत नाही. मी गोळ्या ठेवायची सात कप्प्यांची एक जुनी डबी आहे. कारखान्यातल्या साच्यात माझा जन्म झाला आणि औषधांच्या दुकानातून एका लेकीनं मला आपल्या वडिलांसाठी घरी आणलं.

वडील तलावावर मुलांना पोहायला शिकवत. सगळे त्यांना 'सर' म्हणत. साठी उलटली तरी दंड भरलेले, पाठ ताठ. त्यामुळे डॉक्टरांनी कोलेस्टेरॉल वाढल्याचं सांगितलं, तेव्हा सरांना तो अपमानच वाटला. गोळी ते रोज नेमानं घेत, पण चारचौघांत मला कधी बाहेर काढत नसत. मी त्यांच्या पिशवीत टॉवेलाखाली पडून असे.

एकदा त्यांना खोकल्यानं गाठलं. नेहमीचे डॉक्टर परगावी गेले होते, म्हणून ते दुसऱ्या डॉक्टरांकडे गेले.

"आणखी काही औषधं चालू आहेत का?" डॉक्टरांनी विचारलं.

"छे हो! मला काय धाड भरलीय?" सर हसून म्हणाले.

मी तिथेच, त्यांच्या मांडीवरच्या पिशवीत होते.

नवं अँटिबायोटिक सुरू झालं आणि खोकला हटला. पण सरांच्या मांड्या आणि खांदे ठणकू लागले. "बरेच दिवस पाण्यात उतरलो नाही, अंग आखडलंय," असं म्हणून ते पुन्हा तलावावर गेले. त्या दिवशी त्यांना शिडी चढून पाण्याबाहेर येता येईना. मुलं आधी हसली, मग काठावरच्या पालकांना हाका मारू लागली. दोघा पालकांनी त्यांना वर ओढून घेतलं.

घरी आल्यावर सर बायकोला खालच्या आवाजात म्हणाले, "अगं, लघवीसुद्धा काळपट होतेय."

"अहो, मग आत्ता सांगताय?" बाईंनी घरातली सगळी औषधं गोळा केली, मलाही उचललं आणि तडक इस्पितळ गाठलं.

तिथल्या डॉक्टरीणबाईंनी माझे कप्पे उघडले, अँटिबायोटिकचं पाकीट पाहिलं आणि विचारलं, "या दोन्ही गोळ्या एकदम घेत होतात?"

"खोकल्याचा आणि कोलेस्टेरॉलचा काय संबंध?"

"या अँटिबायोटिकमुळे तुमची कोलेस्टेरॉलची गोळी शरीरातून निघून जाईना. ती रक्तात साठत गेली आणि स्नायू झिजायला लागले. त्यांतून सुटलेल्या द्रव्यानं लघवी काळपट झाली आणि आता मूत्रपिंडांवर ताण आलाय."

सरांचा चेहरा उतरला. बायकोनं त्यांचा हात घट्ट धरला.

दोन्ही औषधं थांबली, सलाइन लागलं. मूत्रपिंडं वाचली, पण मांड्यांत ताकद यायला फार वेळ लागला. तोवर सर तलावाच्या काठावर खुर्चीत बसून शिकवत. पाण्याकडे पाहताना त्यांचे डोळे भरून येत. पुढे नेहमीच्या डॉक्टरांनी रक्त तपासून त्यांना कोलेस्टेरॉलसाठी दुसरी गोळी दिली.

परवा सर दाताच्या डॉक्टरांकडे गेले होते. खुर्चीत बसल्याबसल्या त्यांनी मला समोर ठेवलं आणि म्हणाले, "तोंड नंतर उघडतो. आधी हे बघा."

मित्रांनो, तुमच्या घरीही कुणाची तरी अशी एखादी डबी असेल. कोणतीही गोळी मनानं बंद करू देऊ नका आणि मनानं वाढवूही देऊ नका. दवाखान्यात मात्र डबी टॉवेलाखाली ठेवू नका. आम्हाला बोलता येत नाही, तुम्हीच बोला.